भरतीच्या पाण्याखालील वनस्पती आणि पेणचा खारेपाट

पेण शहर सोडून वडखळ, वाशी, वढावच्या अंगाने निघाले की डोंगर मागे राहतात आणि जमीन एकाएकी सपाट होते. भाताची खाचरे, मधूनमधून मातीचे लांबच लांब बांध, बांधापलीकडे चिखल आणि त्याच्याही पुढे खाडी. हा खारेपाट. सह्याद्रीतून उतरलेली अंबा नदी नागोठण्याच्या पुढे समुद्राच्या भरतीत मिसळते, पेणकडून येणारी भोगावती याच खाडीला मिळते आणि धरमतरची खाडी होऊन हे पाणी रेवसजवळ मुंबई बंदराच्या समुद्रात जाते. दिवसातून दोनदा तेच पाणी उलट चढून येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरांना तिथी पंचांगातून कळते; खारेपाटातील शेतकऱ्याला ती बांधावर पाणी कोठवर चढले यावरून कळते.

या चढत्या-उतरत्या पाण्याखाली जी वनस्पती जगते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खारे पाणी म्हणजे झाडाझुडपांचा शेवट, अशीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः समुद्राच्या पाण्याखालीही मुळे, खोड, पाने आणि फुले असलेली खरीखुरी वनस्पती वाढते. तिला सागरी गवत म्हणतात. शेवाळाशी तिची गल्लत होऊ नये. शेवाळाला खरी मुळे नसतात, फूल नसते. सागरी गवताचे पूर्वज मात्र जमिनीवरचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते पुन्हा पाण्यात उतरले आणि तेथेच रमले. यांचे परागकण वाऱ्याऐवजी पाण्यावर वाहत जातात. वाळूत आडवी पसरणारी खोडे एकमेकांत गुंतून समुद्रतळाला जणू चटईने बांधून ठेवतात. जगात यांच्या सुमारे ७२ जाती आहेत. आपल्या देशात पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात, अंदमान, लक्षद्वीप आणि कच्छचे आखात येथे ही कुरणे आढळतात. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले, ते मुख्यतः समुद्रगायीसाठी. हा अवाढव्य, शांत प्राणी पूर्णतः या गवतावर जगतो आणि दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खातो. कुरण गेले की त्याच्यासाठी दुसरे अन्न नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये या गवतांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. समुद्रतळाचा जेमतेम हजारावा भाग व्यापणारी ही कुरणे सागरात साठणाऱ्या कार्बनपैकी अठरा टक्क्यांपर्यंत कार्बन साठवतात, असे त्यात म्हटले आहे. आणि तीच कुरणे जगभर दरवर्षी सुमारे सात टक्क्यांच्या वेगाने नष्ट होत आहेत. या अहवालानंतर दोन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ मार्च हा सागरी गवतांचा जागतिक दिन ठरविला. नाश होण्याची कारणे जवळजवळ सर्वत्र सारखी आहेत. गाळ उपसण्याने ढवळलेले पाणी, शेतातून व शहरांतून वाहून येणारी खते आणि सांडपाणी, किनाऱ्यावरील भराव. त्यांतही सर्वांत घातक म्हणजे गढूळपणा, कारण पाण्याखालच्या गवताला ऊन हवे असते.

पेणच्या खाडीत अशी विस्तीर्ण कुरणे का नाहीत, याचे उत्तरही येथेच आहे. अंबा, पाताळगंगा आणि त्यांच्या उपनद्या पावसाळ्यात डोंगरांची माती घेऊन येतात, आणि उधाणाचे पाणी ती माती पुन्हा पुन्हा ढवळते. अशा पाण्यात ऊन वीतभरही नीट उतरत नाही. तरी पश्चिम किनाऱ्याच्या चिखलात तग धरणारी एक जात आहे. शास्त्रज्ञ तिला हॅलोफिला बेकारी म्हणतात. तिचे पान बोटाच्या नखाएवढे. तिवरांच्या पुढच्या चिखलावर ती वाढते आणि ओहोटीला पाणी ओसरले की ऊन घेते. गोव्याच्या खाड्यांत ती नोंदली गेली आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला धोक्याच्या यादीत घातले आहे. चिखलातून चालणाऱ्याच्या पायाखाली ती सहज येते आणि आली हे त्याला कळतही नाही.

गोव्याच्याच खाडीकाठांवर आणखी एक गवत आहे, भाताचे जंगली भावंड. भरतीला ते पूर्ण बुडते आणि ओहोटीला पुन्हा उभे राहते. पानांवरच्या सूक्ष्म केसांतून ते मीठ बाहेर टाकते. क्षार सोसणाऱ्या भातासाठी शास्त्रज्ञ आज त्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करतात. पेणकरांना हा विषय परका नाही. खारेपाटातील शेतीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण दिले आहेत.

मोठी सागरी कुरणे जे काम स्वच्छ समुद्रात करतात, तेच काम धरमतरच्या गढूळ पाण्यात दोन वेगळ्या वनस्पती वाटून घेतात. पहिली डोळ्यांना दिसतही नाही. ओहोटी लागली की चिखलावर कोठे सोनेरी-तपकिरी, कोठे हिरवट झाक येते. ती असंख्य एकपेशीय शैवालांची साय असते. ही शैवाले एक चिकट द्रव सोडतात आणि त्याने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. साय खरवडली तर पुढच्या भरतीला तोच चिखल वाहून जातो. शिंपल्या, खेकडे, माशांची पिले आणि हिवाळ्यात येणारे पाणपक्षी या सगळ्यांच्या अन्नसाखळीचा आरंभ येथे आहे. चातुर्मासात अंगणातल्या, जिन्यावरच्या हिरव्या बुळबुळीवर पाय पडू नये म्हणून जपून चालण्याची रीत जैन घरांत लहान मुलांनाही शिकवली जाते. तिथे अनंत जीव आहेत, हे त्यांना सांगावे लागत नाही. खाडीच्या चिखलावरची ही साय त्याच कुळातली, फक्त मैलोगणती पसरलेली.

दुसरी वनस्पती म्हणजे खारफुटी. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी. ही झाडे पाण्याखालची म्हणता येत नाहीत, परंतु त्यांचा निम्मा संसार रोज दोनदा पाण्याखाली जातो. चिखलात प्राणवायू नसतो. म्हणून तिवराची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीला श्वास घेतात. या मुळांच्या जाळीत भरतीचा वेग मंदावतो आणि पाण्यातला गाळ खाली बसतो. पडलेली पाने प्राणवायूविना लवकर कुजत नाहीत, त्यामुळे कार्बन चिखलातच गाडला जातो. २०२१ च्या वन सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी आहे, आणि रायगड हा तिचा सर्वांत मोठा जिल्हा. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला. असे करणारे हे देशातले पहिलेच राज्य.

लाटांचा जोर खारफुटी किती मोडते, याचा पुरावा ओडिशात मिळाला. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यू कमी झाले होते.

पेणला चक्रीवादळ क्वचित येते, पण उधाण दर पंधरवड्याला येते. म्हणूनच खारेपाटाचा सगळा हिशेब बांधाशी बांधलेला आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात या भागातील शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. शिलोत्री म्हणजे भांडवल घालून समुद्रापासून जमीन मिळवणारा. खाडीकडचा मोठा बांध हा बाहेरकाठा, शेतांमधला लहान बांध हा आंतरकाठा. बाहेरकाठ्याच्या डागडुजीसाठी कुळांकडून आकार घेतला जाई आणि त्या बदल्यात बांध सांभाळणे ही शिलोत्र्याची जबाबदारी असे. बांधात उघाड्या ठेवलेल्या असत. पावसाचे पाणी आतून दाबले की उघाडीची झडप बाहेर उघडते, भरती बाहेरून दाबते तेव्हा ती आपोआप मिटते. इतके साधे यंत्र, पण त्यावर हजारो एकर भात पिकला. हेच भात आणि मिठागरांचे मीठ अंतोरे बंदरातून गलबतांनी मुंबईस जाई. पेणच्या बाजारपेठेची घडण या मालावर झालेली आहे.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था शासनाकडे गेली. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा, नंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. योजना झाल्या, बांध पक्के झाले. परंतु बांधाशी गावाचे असलेले रोजचे नाते सुटले. पूर्वी खेकड्याने पाडलेले भोक सकाळी दिसले की संध्याकाळपर्यंत बुजत असे. आता त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि दरम्यान दोन उधाणे येऊन जातात. भोकाची घळ होते, घळीची खांड होते. खांड गेली की समुद्राचे पाणी थेट खाचरात. पहिल्या वर्षी पीक जाते. मीठ धुवून निघायला पुढचे काही पावसाळे लागतात. गावच्या तळ्यात खारे पाणी शिरले तर पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत. खारेपाटाला पाणीटंचाई जुनीच आहे.

खांड बुजली नाही तर काही वर्षांत त्या खाचरात तिवर उगवते. येथे खरा पेच सुरू होतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी संरक्षण लागू आहे, आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. सातबारावर नाव शेतकऱ्याचे, जमिनीवर झाड तिवराचे. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवलेली शेती अशी हातची गेली, याचा रोष पेण आणि अलिबागच्या गावांत आहे आणि तो समजण्याजोगा आहे.

त्यात तिवराला आरोपी करणे सोपे पडते. पण तिवर आले ते खांड गेल्यानंतर. खाडीकडच्या बाजूला तिवराचा पट्टा घनदाट असेल तर उधाणाची लाट बांधावर येण्यापूर्वीच थकते. तो पट्टा विरळ झाला की बांध उघडा पडतो आणि खांड जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे भाताचा शेतकरी आणि खाडीतील झाड यांचे हित एकच आहे, मधे बांधाच्या दुरुस्तीतील दिरंगाई आहे. बांध वेळेवर दुरुस्त करणे हे संवर्धनाचेच काम मानले, तर अर्धे भांडण मिटेल. धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जांची ये-जा वाढली आहे. त्यांच्या लाटांनी काठ खचतो, हे गणितही बांधाच्या खर्चात धरायला हवे.

रोह्याची कथा वेगळी आहे. तेथे कुंडलिका नदीच्या काठी धाटावची रासायनिक वसाहत आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आहे. हीच नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीत जाते. तिवर पुष्कळ सोसते. चिखलावरची साय आणि सागरी गवत तितके सोसत नाही. पाण्याचा बिघाड झाडावर दिसेपर्यंत चिखलातले बरेचसे आधीच संपलेले असते.

महामार्गालगतच्या खारजमिनीला आज भाताहून गोदामासाठी अधिक भाव येतो. भरावाच्या मुरुमाने एक नाला बुजला, की तीन गावांच्या उघाड्या निकामी होतात आणि बाहेरच्या चिखलाला मिळणारे गोडे पाणी तुटते. सौद्याच्या कागदावर हे कोठेही लिहिलेले नसते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह आणि तलाव आटवण्याचा धंदा स्वतंत्रपणे सांगितलेला आहे, अंगारकर्म आणि वनकर्म यांच्याच पंक्तीत. पाणथळ जमीन विकत घेताना नकाशावर नाला कोठून जातो, ५० मीटरच्या आत खारफुटी आहे का, उघाडी कोणत्या बाजूला आहे, एवढे तीन प्रश्न वकिलाला विचारले तरी पुढचा पुष्कळ अनर्थ टळतो. कायद्यानेही ते परवडते, कारण भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा खर्च भराव टाकण्याहून कितीतरी अधिक असतो.

उजाड झालेला चिखल पुन्हा हिरवा करणे तुलनेने सोपे आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेला वनविभागाचा कांदळवन कक्ष रोपे लावतो, पण पुष्कळ ठिकाणी रोपांची गरजही पडत नाही. बुजलेला नाला मोकळा करून भरतीला जुनी वाट दिली, की बी पाण्यासोबत येऊन पडते. तिवराची फळे पावसाळ्यात गळतात आणि काही दिवस तरंगून चिखलात रुजतात. त्यामुळे नाल्याचे काम आणि बांधाची डागडुजी ही दोन्ही भाताची कापणी झाल्यापासून ज्येष्ठ लागेपर्यंत उरकावी लागतात. त्यानंतर खारेपाटात फावडे चालत नाही.