विश्लेषण : शस्त्रक्रिया झाली, पण कळली नाही! ‘नैसर्गिक’ चेहऱ्यासाठी कॉस्मेटिक सर्जन नेमके काय करतात?

नाक ‘केलेले’ आहे, केस ‘लावलेले’ आहेत, चेहरा ‘ओढलेला’ आहे, हे समोरच्याच्या चटकन लक्षात येते. कॉस्मेटिक सर्जनकडे येणाऱ्या अनेकांची पहिली अट त्यामुळे हीच असते, की बदल हवा, पण तो कोणाला कळता कामा नये. ही अट पाळणे हाताच्या कौशल्याइतकेच आधीच्या मोजमापावर, संयमावर आणि प्रसंगी दिलेल्या नकारावर अवलंबून असते. ते कसे, याविषयी...

मागणी किती वाढली आहे?

सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या ‘इसॅप्स’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन कोटी सौंदर्योपचार झाले. त्यांतील दीड कोटीहून अधिक शस्त्रक्रिया होत्या, उरलेले उपचार बोटॉक्स, फिलर, लेझर अशा विनाशस्त्रक्रिया प्रकारांतील. भारतातही हे उपचार आता चित्रपटसृष्टीपुरते राहिलेले नाहीत. लग्नाआधी नाक नीट करून घेणारे, टक्कल झाकू पाहणारे, पन्नाशीत पापण्यांची लोंबलेली त्वचा काढून घेणारे सर्वसामान्य नोकरदारही सर्जनकडे जातात. अभिनेत्याला बदललेला चेहरा पडद्यावर मिरवता येतो. कार्यालयात रोज त्याच सहकाऱ्यांसमोर बसणाऱ्याला ते नको असते.

पुण्यातील जुनी शस्त्रक्रिया आजही का सांगितली जाते?

‘सुश्रुतसंहिते’त कापलेले नाक पुन्हा घडवण्याची पद्धत आहे. आधी झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यायचे आणि त्या मापाची गालाची त्वचा वळवून बसवायची, असा तिचा क्रम. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यात विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने ते कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे सचित्र वर्णन छापले. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये ही पद्धत वापरली. या कारागिराने आधी नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून शोभेल असा आकार दिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच मापाची त्वचा कापून घेतली. आकार त्या माणसाच्या चेहऱ्यावर ठरवायचा आणि सुरी नंतर चालवायची, हा क्रम आजही बदललेला नाही. मेणाची जागा छायाचित्रे आणि संगणकावरील प्रतिमांनी घेतली, एवढेच.

नाक ‘केलेले’ का दिसते?

एकेकाळी नाकाची शस्त्रक्रिया म्हणजे प्रामुख्याने काटछाट होती. उंचवटा तासायचा, शेंड्याची कूर्चा कापायची, नाक लहान करायचे. टेबलावर ते नाक देखणे दिसे. पण आधार देणारी कूर्चाच कमी झाल्याने काही वर्षांत त्वचा आत ओढली जाऊन शेंडा चिमटल्यासारखा दिसू लागे. काहींना श्वास घेण्यासही त्रास होई. आता भर आहे तो कूर्चा शक्य तेवढी राखण्यावर आणि गरज पडल्यास नाकाचा पडदा, कान किंवा बरगडीतील कूर्चा घेऊन आधार उभा करण्यावर. 

दुसरा मुद्दा त्वचेचा. अनेक भारतीयांच्या नाकाच्या शेंड्याची त्वचा जाड असते. जाड गोधडीखालची घडी जशी वरून दिसत नाही, तसे अशा त्वचेखाली केलेले बारीक कोरीव काम दिसत नाही. तेथे जास्त कापल्यास नाक रेखीव होण्याऐवजी गोळ्यासारखे दिसू शकते. पुरुषाचा शेंडा फार वर उचलला, तर चेहऱ्याची ठेवणच बदलते. कधी कधी नाक मोठे वाटण्याचे कारण हनुवटी मागे असणे हे असते. अशा वेळी नाकाला फारसा हात न लावता हनुवटीचा विचार करावा लागतो. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला साधारण वर्ष लागते, हेही आधीच सांगावे लागते.

चेहरा ‘ओढलेला’ दिसतो तो कशामुळे?

सुरकुत्या घालवण्यासाठी केवळ त्वचा ताणून कानाजवळ शिवली, तर तोंडाचे कोपरे बाजूला खेचले जातात, कानाची पाळी खाली ओढली जाते आणि व्रण रुंदावतो. वाऱ्यात उभे असल्यासारखा दिसणारा चेहरा यातूनच येतो. त्वचेखाली स्नायूंना जोडलेला एक तंतुमय थर असतो. त्याचे वर्णन मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी १९७६ मध्ये केले आणि या शस्त्रक्रियेची दिशा बदलली. आता ताण या आतल्या थरावर घेतला जातो आणि त्वचा त्यावर न ताणता नुसती बसवली जाते. शिवाय वयानुसार चेहरा फक्त लोंबत नाही, तर त्यातील चरबी आणि हाडही कमी होते. त्यामुळे किती ओढायचे याबरोबरच कोठे थोडे भरायचे, हेही ठरवावे लागते.

बोटॉक्स आणि फिलरमध्ये गडबड कुठे होते?

बोटॉक्स स्नायू सैल करते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. कपाळाचा स्नायूच भुवया उचलून धरत असल्याने तो पूर्ण बंद केला, तर सुरकुत्या जातात, पण भुवया उतरतात आणि चेहरा भावशून्य होतो. म्हणून अनुभवी डॉक्टर पहिल्या वेळी मात्रा बेताची ठेवतात आणि दोन आठवड्यांनी पाहून गरज असल्यास थोडी वाढवतात. कमी पडलेले वाढवता येते. जास्त झालेले उतरण्याची मात्र वाट पाहावी लागते.

फिलरचा दोष हळूहळू साचत जातो. दर खेपेला थोडेसे भरत गेले की रुग्णाची नजर नव्या चेहऱ्याला सरावते आणि पुन्हा कमी वाटू लागते. पहिल्या भेटीतले छायाचित्र समोर ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर ठरावीक विकराने विरघळवता येते, हा त्याचा फायदा. मात्र ते चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्वचा मृत होण्याचा आणि क्वचित प्रसंगी दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्यामुळे हे काम पार्लरमध्ये करून घेण्याचे नाही.

केशरोपणात खरी कसोटी कोणती?

सुरुवातीच्या दशकांत केसांचे जाड पुंजके लावले जात आणि डोके बाहुलीसारखे दिसे. आता एक ते चार केसांचे नैसर्गिक गट लावले जातात. कपाळावरची केसांची रेषा फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ नसते. ती किंचित वेडीवाकडी असते आणि तिच्या कडेला एकेकटे, बारीक केस असतात. प्रत्येक केसाचा कोन आणि दिशाही जागेनुसार बदलते. मोठी अडचण हिशेबाची आहे. डोक्याच्या मागच्या भागातून घेता येणारे केस मर्यादित असतात आणि एकदा घेतले की तेथे पुन्हा उगवत नाहीत. पंचविशीतल्या तरुणाने शाळकरी वयातली खाली असलेली रेषा मागितली आणि डॉक्टरने ती दिली, तर पुढे मागचे टक्कल वाढल्यावर समोर केसांची पट्टी आणि तिच्यामागे उघडे डोके, असे दृश्य दिसू शकते. म्हणून चाळिशीतही शोभेल अशी रेषा आखावी लागते.

सर्जनने नकार कधी द्यावा?

हल्ली अनेकजण स्वतःची फिल्टर लावलेली छबी घेऊन येतात. पण मोबाइलचा कॅमेरा मुळातच दगा देतो. सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले. म्हणजे जो दोष काढायचा, तो कधी कधी भिंगाचा असतो. काहींना क्षुल्लक किंवा नसलेला दोष दिवसरात्र छळतो. ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ या मानसिक विकाराचे ते लक्षण असू शकते. अशा रुग्णाचे समाधान शस्त्रक्रियेने सहसा होत नाही. एक झाली की दुसरी हवी असते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हाच उपचार असतो. त्यात सर्जनचे उत्पन्न बुडते, पण रुग्णाचा चेहरा वाचतो.

उपचार कोणी करावेत, नियम काय सांगतात?

मे २०२२ मध्ये बेंगळूरुत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१ वर्षांच्या दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा मृत्यू झाला. कॉस्मेटिक असली तरी ती शस्त्रक्रियाच असते, याची ही आठवण होती. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. प्लॅस्टिक सर्जरीसाठी एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी पाहावी. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचे नियम वेगळे आहेत.

रुग्णाने काय विचारावे?

शस्त्रक्रिया स्वतः डॉक्टर करणार की सहायक? भूल कोण देणार आणि अचानक गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभाग कुठे आहे? माझ्यासारख्या त्वचेच्या आणि ठेवणीच्या रुग्णांची वर्षभरानंतरची छायाचित्रे आहेत का? सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा आणि व्रण जाड होण्याचा धोका अधिक असतो, त्याची काळजी कशी घेणार? निकाल पसंत पडला नाही तर पुढे काय, आणि त्याचा खर्च कोणाचा? शेवटी, काहीच केले नाही तर काय होईल, हेही विचारावे. या प्रश्नांना घाईघाईत उत्तरे देऊन त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरायला सांगितली जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतलेले बरे.