पाणवठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

समतेचे ठराव करण्यात महाराष्ट्र कधीच मागे राहिला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पैशातून बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. पुढल्याच वर्षी महाड नगरपालिकेने त्या ठरावाला अनुसरून चवदार तळे सर्वांना मोकळे असल्याचे जाहीर केले. ठराव रीतसर होता, त्याला आधारही रीतसर होता. परंतु त्यानंतर तीन वर्षे तळ्याच्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. मार्च १९२७ मध्ये परिषदेसाठी महाडात जमलेल्या हजारो माणसांकरिता चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, आणि तेही नगरपालिकेने खुल्या केलेल्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर!

ठराव आणि ओंजळ यांच्यामधले हे अंतर कोण कापणार, हा प्रश्न त्या दिवशी महाडपुरता होता. आज तो प्रत्येक घरापुढे आहे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी आणि रस्ते यांवरील मज्जाव उठवला. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेला आणि २०१७ पासून अमलात आलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, अशी ही मालिका लांबलचक आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि कायद्याची धाव सार्वजनिक जागेपर्यंत असते. तो पाणवठ्यापर्यंत पोचतो; उंबरठ्यापाशी त्याची पावले जड होतात. उंबरठ्याच्या आत जे घडते, ते घरधन्याच्या मर्जीने घडते. म्हणूनच समतेच्या कार्यात व्यक्तीची जबाबदारी कायद्याच्या जबाबदारीहून वेगळी, आणि एका अर्थाने अधिक कठीण असते.

सज्जनांचा नकार

या जबाबदारीचे स्वरूप बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एका प्रसंगाइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील अध्ययनानंतर ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांनीच शिष्यवृत्ती देऊन त्यांना परदेशी धाडले होते. नोकरी होती, पदवी होती, राजाश्रय होता. नव्हते ते राहायला घर. हिंदूंच्या खाणावळीत शिरकाव होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने मुक्काम केला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा लोक चालून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम सोडून गेले.

काठ्या घेऊन आलेल्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. खरा विचार करायला लावणारा भाग त्यानंतरचा आहे. बडोद्यात बाबासाहेबांचे दोन मित्र होते. पहिला हिंदू. त्याला झाल्या प्रकाराचे दुःख झाले, संतापही आला. पण आपल्याकडे राहायला आलात तर घरातले नोकर निघून जातील, एवढे एक वाक्य तो बोलून गेला. दुसरा भारतीय ख्रिस्ती. पत्नी दुसऱ्या दिवशी येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे तो म्हणाला. बाबासाहेबांनी दोघांच्याही बोलण्याचा अर्थ ओळखला, बागेत संध्याकाळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबईचा रस्ता धरला.

या दोघांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. पहिल्याच्या मनाच्या मोठेपणाची ग्वाही स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. दोघांनीही 'मी तुला घेणार नाही' असे म्हटले नाही. एकाने नोकरांकडे बोट दाखवले, दुसऱ्याने पत्नीकडे. विषमता जगते ती काठी उगारणाऱ्या बारा जणांच्या बळावर जितकी, तितकीच या दोन सज्जनांच्या हतबलतेवर. किंबहुना बारा जणांची मात्रा चालते, कारण तेराव्याचे दार बंद असते. त्या संध्याकाळी बडोद्यात एक खोली उघडी असती, तर इतिहास बदलला असता की नाही हे सांगता येणार नाही; परंतु एका विद्वान तरुणाला उघड्यावर बसून गाडीची वाट पाहावी लागली नसती, एवढे नक्की. ती खोली उघडण्यासाठी कोणत्याही विधिमंडळाची परवानगी लागत नव्हती.

ज्यांनी आपले दार उघडले

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासाकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. ज्यांचे नाव मागे राहिले, त्यांनी उपदेशाआधी स्वतःच्या मालकीचे काहीतरी पणाला लावले होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद घरचा होता, म्हणून ठरावाची वाट पाहावी लागली नाही. आणि घरचा होता म्हणूनच भाऊबंदांचा रोषही घरावरच आला. अनाथ झालेली अर्भके वाचवण्याची गरज त्यांनी सांगितली, ती आपल्या दारी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून. आणि एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेऊन ती आपल्या वंशावळीतच लिहिली. त्याच यशवंताला वैद्यकीचे शिक्षण मिळाले आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याच्या साह्याने रुग्णसेवा करता करता देह ठेवला.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या. तो राजाचा हुकूम होता. परंतु गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले आणि त्यांच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना, तेव्हा हुकूम कामाचा नव्हता. चहा प्या, असा वटहुकूम काढता येत नाही. महाराजांनी आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवली, चहा मागवला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. राजाने राजदंड बाजूला ठेवून कप उचलला, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे. ऑक्सफर्डला शिकून आलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत मिशन काढले, त्या कामात बहीण जनाबाईंसह त्यांचे घरच उतरले.

महाडच्या लढ्यातही हेच दिसते. तो लढा अस्पृश्यांनी स्वतःच्या हिमतीवर लढवला. त्याचे श्रेय वाटून घेण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही. परंतु त्यात अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखे जन्माने सवर्ण असलेले कार्यकर्ते होते. १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेसाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला. तळे कोणाचे याचा न्यायालयीन निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. पण फत्तेखानाने जागा द्यायला दहा वर्षे लावली नाहीत. न्याय संथ चालतो, शेजारधर्म ताबडतोब चालू शकतो, हा त्याचा बोध.

आजचे पाणवठे

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. १९७२ साली बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागले. म्हणजे महाडनंतर पंचेचाळीस वर्षांनी आणि घटनेनंतर बावीस वर्षांनी. आज नळ घरोघर आले, पाणवठ्याचे महत्त्व ओसरले. परंतु पाणवठा ही केवळ पाण्याची जागा नव्हती. कोणाच्या शेजारी कोणी उभे राहायचे, हे ठरवण्याची ती जागा होती. ते ठरवण्याच्या जागा आजही आहेत, फक्त त्यांची नावे बदलली आहेत.

शहरात त्यांतली सर्वांत मोठी जागा म्हणजे भाड्याचे घर. जाहिरात वाचून आलेल्या माणसाला आडनाव विचारले जाते. आडनावाने उलगडा झाला नाही तर मूळ गाव आणि आहार विचारला जातो. मग जागा 'कालच गेलेली' असते. मुसलमान जोडप्याला, दलित नोकरदाराला, ईशान्येकडील विद्यार्थ्याला, एकट्या राहणाऱ्या स्त्रीला हे उत्तर पाठ झालेले असते. कारण न सांगता दिलेल्या नकाराचा पुरावा कोणत्या न्यायालयात दाखल करायचा? सहकारी गृहसंस्थांची सभासदत्वे एका समाजापुरती ठेवणाऱ्या पोटनियमाला सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली गुजरातमधील पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात अवैध ठरवले नाही. आणि घरमालक पुष्कळदा मनाने सज्जनच असतो. 'आमची हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक ऐकायचे नाहीत', असे तो म्हणतो. बडोद्याच्या मित्राचे नोकर आता सोसायटीचे सभासद झाले आहेत, एवढाच काय तो फरक.

घराच्या आतही हेच. मोलकरणीचा कप वेगळ्या फळीवर असतो. वाहनचालकाला उन्हात उभे राहावे लागते. रोज कचरा उचलणाऱ्या बाईचे नाव वर्षानुवर्षे कोणाला ठाऊक नसते, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून देण्याचे दोन मिनिटांचे कष्ट वाचवण्यासाठी तिने त्यात हात घालावा अशी अपेक्षा असते. हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून विधवा वगळली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचा कित्ता गिरवण्यास इतर ग्रामपंचायतींना सांगितले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु शेजारणीच्या कपाळी कुंकू लावायला ग्रामपंचायत येत नाही. त्यासाठी एका सुवासिनीला हात पुढे करावा लागतो.

दोन आक्षेप

एकट्याने काय होणार, हा यावरचा पहिला आक्षेप. हिशेबाने पाहता तो खरा वाटतो. एका हौदाने पुण्याची तहान भागली नव्हती. पण रूढीचे बळ 'सगळेच असे करतात' या समजुतीत असते, आणि ती समजूत मोडायला सगळे लागत नाहीत; समोरच्या आळीतला एक पुरतो. ज्या इमारतीत एका मालकाने आडनाव न विचारता जागा दिली आणि आभाळ कोसळले नाही, तेथे दुसऱ्याची सबब लंगडी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैयक्तिक कृतीचा उदोउदो झाला की हक्काचा उपकार होतो, देणारा महात्मा ठरतो आणि घेणाऱ्याला आयुष्यभर वाकून राहावे लागते. शिवाय सरकारला आपली जबाबदारी झटकायला निमित्त मिळते. हे भय निराधार नाही. त्यावर उतारा एवढाच, की करणाऱ्याने आपली कृती दान म्हणून नव्हे, तर थकलेल्या देण्याची फेड म्हणून करावी आणि कायद्याचा आग्रहही सोडू नये. जोतीरावांनी घरचा हौद खुला केला, आणि पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणूनही काम केले. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. हक्काची लढाई ज्याची त्यानेच पुढे होऊन लढायची असते. इतरांचे काम वाट अडवून न बसण्याचे, मागितल्यास जागा देण्याचे आणि वेळ आल्यास खरी साक्ष देण्याचे. गावात बहिष्कार पडतो तेव्हा कायद्याची कलमे असतात. नसतो तो बोलणारा साक्षीदार.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की २६ जानेवारीपासून देश एका विसंगतीत प्रवेश करील. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. त्या विसंगतीचा राजकीय अर्धा भाग मतपेटीपाशी सांभाळला जातो. उरलेला अर्धा भाग भाडेकरार करताना, नोकरीसाठी शिफारस करताना, मुलामुलींच्या लग्नाची बोलणी करताना आणि पाहुण्यापुढे कप ठेवताना रोज थोडा थोडा निकाली निघतो किंवा थोडा थोडा वाढतो. समतेवर श्रद्धा असल्याचे सांगणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा सभागृहात होत नाही. संध्याकाळच्या वेळी एखादा अनोळखी माणूस दारावर येऊन जागा आहे का असे विचारतो, तेव्हा ती होते. आणि त्या प्रश्नाला नोकरांचे, पत्नीचे किंवा सोसायटीचे नाव न घेता उत्तर द्यावे लागते.