कृत्रिम स्पर्श आणि त्याची भाषा

त्वचेला काहीही न लागता स्पर्शाची जाणीव होऊ शकते, हे माँट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या बाह्यकास सौम्य विद्युत्प्रवाह देऊन दाखविले. त्याविषयीचा पेनफील्ड व बोल्ड्री यांचा निबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला. प्रवाह मेंदूत, पण जाणीव बोटांत किंवा जिभेत! मात्र रुग्णांचे वर्णन बहुधा मुंग्या आल्या, बधिर वाटले, एवढ्यावरच थांबे.

पिट्सबर्ग विद्यापीठातील २०१६ सालच्या प्रयोगात पृष्ठरज्जूच्या दुखापतीने हात निकामी झालेल्या एका तरुणाच्या संवेदन-बाह्यकात सूक्ष्म विद्युदग्रांचे दोन संच बसविले होते. त्यास आपल्याच तळहातावर व बोटांच्या मुळाशी दाब जाणवू लागला. तो कितपत स्वाभाविक, असे विचारता त्याने बहुतेक वेळा 'स्वाभाविक असू शकेल' ही मधली पायरी निवडली. खरी अडचण येथेच आहे. दाब, कंप, झिणझिण्या यांना शब्द आहेत. परंतु जी संवेदना पूर्वी कोणीच अनुभवली नाही तिला शब्द कोठून यावा? आणि ती 'कशी' आहे, यास तर रुग्णाच्या शब्दावाचून माप नाही.

तिच्या उपयुक्ततेस मात्र निराळे माप मिळाले. मेंदूतील संकेतांनी चालणाऱ्या यांत्रिक हाताने तोच गृहस्थ वस्तू उचलून ठेवी. यांत्रिक बोटांवरील जोराप्रमाणे मेंदूस प्रवाह मिळू लागताच त्यास लागणारा मध्यक काळ २०.९ सेकंदांवरून १०.२ सेकंदांवर आला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.