वेल्डिंग यंत्राची पाटी आणि उष्णतेचा हिशेब

वेल्डिंगचे यंत्र खरेदी करताना गिऱ्हाइकाची नजर दर्शनी भागावर ठळक छापलेल्या '२०० ॲम्पिअर' या आकड्यावर खिळते आणि तेवढ्यावरच सौदा ठरतो; परंतु यंत्राच्या सामर्थ्याविषयीचा खरा मजकूर मागील बाजूच्या पाटीवर असतो, आणि त्यातील टक्केवारी कोणी वाचत नाही, म्हणून चांगली यंत्रेही अकाली जळतात.

या टक्केवारीस 'ड्यूटी सायकल' म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती १० मिनिटांच्या मुदतीवर आणि सभोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरून ठरविली जाते; म्हणजे २०० ॲम्पिअरपुढे ६० टक्के लिहिले असल्यास त्या प्रवाहावर ६ मिनिटे वेल्डिंग करावे आणि ४ मिनिटे यंत्रास विसावा द्यावा. मग अखंड काम करावयाचे झाल्यास प्रवाह किती ठेवावा? साध्या त्रैराशिकाने उत्तर १२० येते, पण ते बरोबर नाही. जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्या हिशेबाने हेच यंत्र सुमारे १५५ ॲम्पिअरवर विनाविश्रांती चालू शकते. वर्गाचा हा नियम उलट दिशेने मात्र निष्ठुर आहे: प्रवाह १० टक्क्यांनी वाढविला, की उष्णता २१ टक्क्यांनी वाढते.

ही उष्णता प्रथम तांब्याच्या वेटोळ्यांवरील विद्युत्‌रोधक वेष्टणास ग्रासते. तापमान दर १० अंशांनी वाढले की वेष्टणाचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. विदर्भातील वैशाखात, पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात, मानकाने गृहीत धरलेली ४० अंशांची मर्यादा सकाळीच ओलांडली जाते, आणि तेथे पाटीवरील टक्केवारी जशीच्या तशी प्रमाण मानणे धोक्याचे आहे. त्यातच शेजारी चाललेल्या ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यावाटे आत ओढली जाऊन भागांवर थर धरते, आणि थंडावा देणाऱ्या हवेची वाटच बुजते. यंत्र भिंतीला टेकवून ठेवण्याची सर्वत्र आढळणारी सवयही तितकीच घातक होय.

कित्येक यंत्रांवर अतिउष्णतेचा इशारा देणारा पिवळा दिवा असतो. तो लागताच घाईने मुख्य बटण बंद करू नये, कारण त्याबरोबर पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता आतच कोंडून राहते. वेल्डिंग थांबवावे, यंत्र चालू ठेवावे आणि दिवा आपोआप विझेपर्यंत होल्डरला हात लावू नये.