मुरुमे, मलमे आणि तीन महिन्यांचा धीर

तारुण्यपीटिका हा शब्द ऐकायला मोठा गोंडस आहे. ज्याच्या गालावर त्या उठतात त्याला मात्र त्यात गोंडस असे काही वाटत नाही. बारावीची परीक्षा, कॉलेजचे स्नेहसंमेलन, नोकरीची मुलाखत किंवा घरात ठरलेला पाहण्याचा कार्यक्रम असो, नेमक्या आदल्या दिवशी हनुवटीवर एक लाल पुटकुळी डोके वर काढते आणि घरातील प्रत्येक जण डॉक्टर होतो. आजी हळद-चंदन उगाळते, काकू लिंबू चोळायला सांगते, शेजारीण टूथपेस्टचा ठिपका लाव म्हणते. आणि कोणी तरी हळूच एका ट्यूबचे नाव कानात सांगते. आजचा लेख मुख्यतः त्या ट्यूबबद्दल आहे, आणि तिच्याऐवजी काय घ्यावे याबद्दल.

निमित्त आमच्या घरातलेच. माझी भाची नीटच्या तयारीसाठी गावाहून आली आणि सिडकोत आमच्याकडे राहू लागली. आली तेव्हा कपाळावर चार-दोन पुटकुळ्या होत्या. दोन महिन्यांत चेहरा असा काही उजळला की मलाच कौतुक वाटले. पुढे परीक्षा जवळ आली आणि एका सकाळी ती खोलीबाहेरच येईना. गाल लालभडक, बारीक पुटकुळ्यांनी भरलेले, आणि उन्हात गेले की आग आग. शेवटी म्हणाली, “मावशी, माझी ट्यूब संपली. ती लावली नाही की असं होतं.” ट्यूब क्लासमधल्या मैत्रिणीने दिलेली. दुकानदारानेही कधी चिठ्ठी मागितली नव्हती.

मी डब्यातून रिकामी ट्यूब काढून चष्मा लावून वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावे होती. यातले तिसरे स्टेरॉइड. वांगाच्या काळ्या डागांवर त्वचारोग तज्ज्ञ असे तिहेरी मिश्रण मोजक्या दिवसांसाठी देतात. तिथे त्याचे काम आहे. मुरुमांवर मात्र ते विषाची परीक्षा ठरते. स्टेरॉइडमुळे लाली आणि सूज झटकन ओसरते, रंगही उजळतो, म्हणून लावणारा खूष होतो. आतून त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालावर लव वाढते, आणि मलम थांबवले की सगळे दुप्पट जोराने उसळते. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. सवय लागते ती अशी.

हा काही एका घरापुरता प्रकार नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांत केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचे मलम लावत असल्याचे आढळले. शंभरात जवळजवळ पंधरा. २०१८ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची सवलत काढून घेतली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत असे ठरवले. नियम आहे, ट्यूब तरीही हातोहात फिरते. म्हणून वाचकांनी एक खूण लक्षात ठेवावी. वेष्टनावरील बारीक अक्षरात शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ येणारे नाव दिसले, जसे बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्ल्यूटिकासोन, क्लोबेटासोल, तर ते मलम स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नये. दुसरा एक प्रकार याहून वाईट. ज्यावर घटकांची नावेच नसतात, अशा गोरेपणाच्या डब्या. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचे उघडकीस आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा निघाला. अकोला आपल्यापासून काही फार लांब नाही.

आता माझी गोष्ट. भाचीला बोल लावणारी मीही काही शहाणी नव्हते. चाळिशीला टेकल्यावर माझ्या जबड्याच्या कडेने मुरुमे उठू लागली होती. हे वय मुरुमांचे नाही असे आपल्याला वाटते, पण बायकांत ती तिशी-चाळिशीतही येतात. त्याच सुमारास बाजारात छोट्या काचेच्या बाटल्यांची लाट आली होती. पूर्वी क्रीमच्या जाहिरातीत केशर, गुलाब आणि नटीचा चेहरा असे. या बाटल्यांवर घटकाचे नाव आणि टक्केवारी ठळक छापलेली. २०१६ मध्ये कॅनडातील ‘द ऑर्डिनरी’ने ही रीत स्वस्तात रूढ केली, २०२० पासून जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’सारख्या भारतीय कंपन्यांनी ती आपल्याकडे आणली. ग्राहकाला आत काय आहे ते कळते, ही गोष्ट चांगलीच म्हणायची. पण मी काय केले? निरनिराळ्या चार बाटल्या मागवल्या आणि चारही एकाच आठवड्यात सुरू केल्या. सकाळी एक आम्ल, रात्री दुसरे, वर आणखी दोन थेंब कशाचे तरी. दहाव्या दिवशी साधे पाणी लागले तरी चेहरा चुरचुरू लागला. कोणत्या कंपनीच्या होत्या ते सांगण्यात अर्थ नाही. दोष बाटल्यांचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

अशा रीतीने एकाच घरातले दोन बिघडलेले चेहरे एकाच दिवशी त्वचारोग तज्ज्ञांसमोर जाऊन बसले.

मुरूम होतो कसा, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. केसाच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी केसाच्या नळीतील मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी चिकटून राहतात आणि तोंड बुजते. आत साठलेल्या तेलावर एक जंतू पोसला जातो, शरीर त्याच्याशी झगडते आणि लाल, ठणकणारी गाठ तयार होते. आज दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात कित्येक आठवडे आधी, काहीच दिसत नसताना झालेली असते. म्हणून कोणतेही खरे औषध आठ ते बारा आठवडे मागते. तीन दिवसांत चेहरा साफ करून देणारे मलम भेटले तर शंका घ्यावी, असे डॉक्टर म्हणाले.

भाचीचा पहिला महिना औषधाविना गेला असे म्हटले तरी चालेल. स्टेरॉइड सोडवायचे कसे ते डॉक्टरांनी ठरवले. प्रत्येकाचे वेगळे असते, त्यामुळे त्याचा तपशील इथे देत नाही. सौम्य साबण, सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर आणि उन्हाचे सनस्क्रीन, बस्स. तो महिना फार कठीण गेला. चेहरा आधी बिघडला. क्लासला ओढणी गुंडाळून जायची, एक चाचणी परीक्षा बुडवली. रात्री रडताना ऐकू यायचे. “मावशी, फक्त एकदा लावू दे ना,” असेही झाले. घरच्यांनी या काळात आरशाजवळ उभे राहून सल्ले देऊ नयेत. मी दिले, आणि ते तिला किती लागले ते नंतर कळले.

मग दोन औषधे सुरू झाली. दोन्ही जुनी, दोन्ही केमिस्टकडे मिळणारी. सकाळी अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत याचे नाव आहे. हे जंतू मारते, आणि त्याला जंतू सहसा दाद देईनासे होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. उलट क्लिंडामायसिनसारखे जंतुनाशक मलम एकटेच महिनोन् महिने लावले तर जंतू निर्ढावतात, म्हणून ते याच्या जोडीने देतात. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. अडीच टक्क्यांची जेल ही पाच किंवा दहा टक्क्यांच्या जेलच्या जवळपास तेवढेच काम करते आणि जळजळ कमी करते. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण हा हिशेब इथे लागू पडत नाही.

रात्री अॅडापालिन, ०.१ टक्का. हे जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातले. बुजलेली तोंडे मोकळी करते आणि नवी बुजू देत नाही. अमेरिकेत २०१६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे आहे, आणि गर्भारपणात किंवा मूल हवे असताना लावू नये. बहुतेक जण ते पुटकुळीवर ठिपका द्यावा तसे लावतात, तिथेच चुकतात. हरभऱ्याच्या दाण्याएवढे घेऊन डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडून सगळ्या चेहऱ्यावर पसरायचे, तेही चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदाच. सुरुवातीला कातडी सुटते, कधी मुरुमे थोडी वाढतातही. इथेच निम्मे लोक ट्यूब फेकून देतात.

माझ्या चार बाटल्यांपैकी तीन डॉक्टरांनी बाजूला ठेवायला सांगितल्या. उरली ती सॅलिसिलिक अॅसिडची, दोन टक्क्यांची, आठवड्यातून दोन रात्री. हे आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे छिद्रात उतरते. बारीक काळ्या-पांढऱ्या पुळ्यांना ते बरे, मोठ्या ठणकणाऱ्या गाठींना फारसा उपयोग नाही. त्याचाच फेसवॉश घेतला तर मिनिटभरात धुऊन जातो, मग गुण कमी हे ओघाने आलेच. निआसिनामाइड, म्हणजे जीवनसत्त्व ‘ब ३’, चार-पाच टक्क्यांत पुरते. दहा टक्क्यांची बाटली घेण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. काळे डाग मागे राहणाऱ्यांना अॅझेलेइक अॅसिड उपयोगी पडते आणि गर्भारपणातही डॉक्टर ते देऊ शकतात. जबड्याच्या कडेची मुरुमे, अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस असे तिन्ही एकत्र असेल तर मात्र मलमाआधी तपासणी करून घ्यावी, असे त्यांनी मला बजावले. माझ्या तपासण्या ठीक निघाल्या.

खर्चाचे सांगते, कारण वाचक तेच आधी विचारतात. भाचीच्या दोन ट्यूब मिळून चारशे रुपयांच्या आसपास गेले, आणि हरभऱ्याएवढ्याच्या हिशेबाने त्या दीड महिना पुरल्या. सर्वांत महाग पडले ते सनस्क्रीन. माझ्या चार बाटल्यांचे पैसे याच्या कितीतरी पट होते. औषधाचे शास्त्रीय नाव चिठ्ठीवर असेल तर जनौषधी केंद्रात विचारून पाहावे. तज्ज्ञांची फी परवडत नसेल तर आपल्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे नाममात्र केसपेपरवर तपासणी होते. रांग असते, सकाळी लवकर जावे. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. ‘पांढरी ट्यूब, लाल टोपणाची’ एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही.

आपल्याकडच्या सवयींबद्दल दोन शब्द. डोक्याला भरपूर तेल चोपडून तसेच झोपणे कपाळावरच्या पुळ्यांना निमंत्रण आहे. तेल लावायचेच तर धुण्याआधी तासभर लावावे आणि कपाळ पुसावे. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर नको, दोन्हींनी त्वचा पोळते. बेसन चालेल, पण खसाखसा घासू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने जीव नको होतो, म्हणून दिवसातून सहा वेळा साबण लावणारे लोक मी पाहिले आहेत. दोन वेळा पुरे, बाकी नुसते पाणी. तळलेले खाल्ले की मुरुमे येतात हे घरोघरी ऐकू येते, त्याला फार आधार नाही; गोड, मैदा आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा संबंध दिसून आला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी प्रोटीन पावडर सुरू केल्यावर पाठीवर पुळ्या उठल्या का तेही पाहावे. आणि फोडू नये. आपल्या सावळ्या कातडीवर फोडलेल्या मुरुमाचा काळा डाग सहा-सहा महिने जात नाही. खोल गाठी आणि खड्डे पडणारी मुरुमे असतील तर घरगुती प्रयोगात वेळ घालवू नये, त्यांना पोटात घेण्याची औषधे लागतात. त्यातले आयसोट्रेटिनॉइन गर्भाला फार घातक असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

भाचीने पहिल्या दिवशी, सहाव्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात एकाच खिडकीपाशी फोटो काढला. सहाव्या आठवड्याचा पाहून ती हिरमुसली होती, कारण फरक दिसेना. बाराव्यात नवी मुरुमे दोन-तीनच होती, लाली बरीच उतरली होती, डाग होते ते होतेच. परीक्षेला ती ओढणी न गुंडाळता गेली. माझा जबडाही आता शांत आहे, महिन्यातले चार दिवस सोडून.

बेन्झॉइल पेरॉक्साइडबद्दल एक राहिले. ते कापडाचा रंग उडवते. आमचे दोन निळे टॉवेल, तीन उशांचे अभ्रे आणि भाचीची आवडती मोरपंखी ओढणी यांवर पांढरे चट्टे पडले, ते कशानेच निघत नाहीत. आता घरात सगळे टॉवेल पांढरे आणले आहेत.