चाळीस ओळी आणि एक फेरा

गझलेत रदीफ प्रत्येक शेरात पुन्हा येतो, पण दर वेळी नवा अर्थ घेऊन. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली की घात होतो. हे मी पर्ल या भाषेत शिकलो.

कविसंमेलनाच्या स्मरणिकेसाठी ४० कवींची नावे टंकून ठेवली होती. त्यांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढून ती छापायची होती. पर्लमध्ये अशी यादी ‘ॲरे’त ठेवतात. ॲरे म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांचे कपाट. पहिल्या खणाचा क्रमांक मात्र शून्य. मी शून्यासाठी एक ओळ लिहिली, तिच्या नकला काढल्या आणि आकडे बदलत ३९ पर्यंत गेलो. एका ओळीत आकडा बदलायचा राहिला. सतरावे नाव दोनदा आले, अठरावे गळाले. ते कवी सर्वांत ज्येष्ठ. व्यासपीठावर त्यांनी स्मरणिका चाळली, मिटली. बोलले काहीच नाहीत.

‘मामू, चाळीस ओळी कशाला? एक लूप पुरे,’ भाचा म्हणाला. लूप म्हणजे फेरा. ‘फॉरईच’ या शब्दाचा अर्थच ‘प्रत्येकासाठी’. यादीतले एकेक नाव घे, मोकळ्या जागा काढ, छाप, एवढे एकदाच सांगायचे. आकडा आपण लिहीतच नाही, मग तो चुकणार कुठून? उद्या कवी ६० झाले तरी ओळी तेवढ्याच.

फेऱ्यात हाती आलेल्या वस्तूला आपण नाव दिले नाही, तर पर्ल एक चिन्ह वापरते: डॉलरपुढे अधोरेषा. आपल्या बोलण्यातले ‘ते’च म्हणा ना! १९८७ मध्ये ही भाषा आणणारे लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले आहेत, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही.

पण हे ‘ते’ म्हणजे नक्कल नव्हे, खणातली मूळ वस्तूच. फेऱ्यात तिला हात लावला की यादीच बदलते. मोकळ्या जागा काढताना हे सोयीचे. दुरुस्त स्मरणिका छापताना मात्र मी प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम जोडला, आणि त्याच यादीवरून पाकिटे केली. मूळ यादी जपायची तर नावाची नक्कल वेगळ्या चलात घेऊन बदल तिच्यावर करावा, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

ज्येष्ठ कवींकडे पाकीट मी स्वतः नेले. नावापुढच्या स्वल्पविरामावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘पुढं अजून काही यायचंय का?’ आणि आत चहा सांगितला.