किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?

मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका छोट्या मुलीने मला विचारलं, "एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?" मी घाईत होतो. म्हटलं, "लोखंड." (हशा) ती टाळ्या पिटत पळाली. तेव्हा आजचा तास माझी अब्रू वाचवण्यासाठी आहे. मी बरोबरच बोललो होतो, हे मला शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करायचंय.

पहिला साक्षीदार आपला हात. ऑगस्टिन शार्पांतिए या फ्रेंच वैद्याने 1891 मध्ये दाखवून दिलं, की सारख्याच वजनाच्या दोन वस्तू उचलल्या तर आकाराने लहान असलेली जास्त जड वाटते. आणि गंमत म्हणजे, दोन्ही सारख्या आहेत हे माहीत असलं तरी तसंच वाटत राहतं. म्हणजे हाताचं मत लोखंडाला.

पण हाताचं कोण ऐकतो? काटा आणा. आता बघा, किलो हे वस्तुमान. काट्यावर दिसतं ते मात्र हवेने थोडं वर उचलून धरलेलं वजन. शाळेत पाण्याच्या बाबतीत शिकलो ते प्लावक बल हवेतही असतं. एक लिटर हवा साधारण 1.2 ग्रॅमची. एक किलो लोखंड जागा व्यापतं सुमारे 127 घन सेंटिमीटर, म्हणजे हवा बाजूला सारली 0.15 ग्रॅम. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या दीडपट, म्हणून किलोभर तंतू साधारण 660 घन सेंटिमीटर जागा घेतात. सारलेली हवा 0.8 ग्रॅम. कापूस साधारण 0.65 ग्रॅमने हलका भरला. जिंकलो!

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. म्हणतात, कापसाचा गठ्ठा केवढा मोठा, तो कितीतरी जास्त हवा सारत असणार. नाही हो. गठ्ठ्यात तंतूंच्या मधे हवाच भरलेली असते, ती काही सारली जात नाही. तंतूंनी स्वतः अडवलेली जागा तेवढी मोजायची. गठ्ठा पिशवीत घट्ट बांधला तरी हिशेब तोच, कारण आतली हवा स्वतःचं वजन घेऊनच आत बसलेली असते.

एवढ्यात माझ्या बायकोने विचारलं, "पण तो एक किलो मोजला कुणी?" झाली पंचाईत. दुकानदार एका पारड्यात लोखंडी वजन ठेवणार, दुसऱ्यात पारडी सारखी होईपर्यंत कापूस टाकणार. म्हणजे हवेने जेवढा उचलला तेवढा कापूस जास्तीचा पडला, त्याचं खरं वस्तुमान किलोहून 0.65 ग्रॅम जास्त! तोच तराजू काचेच्या हंडीखाली ठेवून हवा काढून घेतली, तर कापसाचं पारडं खाली जायला हवं. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी हवेला वजन असतं हे दाखवलं, ते अशाच युक्तीने: एका बाजूला मोठा पोकळ गोळा, दुसऱ्या बाजूला लहानसं वजन.

म्हणजे मी हरलो? थांबा. हंडीतली हवा काढली की कापसातलं पाणीही उडून जाणार! आपण कोरडा म्हणतो त्या कापसातही शेकडा आठ-साडेआठ भाग ओलावा असतो. किलोमागे ऐंशी ग्रॅम पाणी. ते गेलं की लोखंडाचं पारडं धाडकन खाली. (टाळ्या)

आता हसणं जरा बाजूला ठेवू. अर्ध्या-पाऊण ग्रॅमसाठी मी एवढा वेळ भांडलो, पण हाच कापूस दमट हवेत राहून ओलावा 8 वरून 10 टक्क्यांवर गेला, तर किलोचा 1022 ग्रॅम होतो. बावीस ग्रॅम! विदर्भातल्या शेतकऱ्याला हे कोड्यात विचारावं लागत नाही. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर गाडी लागली की आधी मीटर कापसात खुपसतात. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, आणि 12 च्या वर गेला तर माल घेत नाहीत. पहिल्या वेचणीचा कापूस दवाने, परतीच्या पावसाने ओलसर असतो. घरात वाळवायला जागा नाही, देणेकरी दारात, मग तोच कापूस खाजगी व्यापाऱ्याकडे जातो, व्यापारी म्हणेल त्या भावाने. अर्थात तिथे मोजतात तो सरकीसकट कापूस, मी हिशेब धरला तो नुसत्या रुईचा. सरकीचा ओलावा वेगळा. पण पाण्याचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद दोन्हीकडे सारखाच.

(मागून प्रश्न: मग सर, त्या मुलीला काय सांगणार?)

तिला विचारणार, "बाई गं, कापूस कुठल्या महिन्यातला?"